दहा दिवसांचं बिल आणि आठ घरं

ताई, तुम्ही विचारलंत ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सांगलीत विश्रामबागला राहता, माहेर कडेगाव तालुक्यात. माहेरच्या गावातले नऊ शेतकरी रासायनिक औषधं न मारता माळवं (म्हणजे भाजीपाला), शाळू (रब्बीची ज्वारी), हळद आणि गूळ करतात. त्यांचा माल शहरातल्या घरांत थेट जावा म्हणून तुम्ही चैत्रात व्हॉट्सॲपवर ग्रुप काढलात. पहिल्या महिन्यात साठ घरं होती, आता श्रावणात आठ उरलीत. मेथी-पालक पडून राहिला आणि शेतकऱ्यांची बोलणी तुम्हाला खावी लागली. आता कुणी म्हणतंय शेतकरी कंपनी काढा, कुणी म्हणतंय चौकात दुकान टाका. यातलं काय करावं?

यंदा यातलं काहीही करू नका. कंपनीचा विचार दोन वर्षांनी, दुकानाचा त्याहून उशिरा. त्याआधी जे करायला हवं ते सविस्तर लिहितो. गेली चौदा वर्षं मी हेच काम करतोय. पलूस, तासगाव, शिराळा आणि जतकडचे शेतकरी आणि सांगली-मिरजेतली घरं एकमेकांना जोडून ठेवतो. तुमच्यासारखाच ग्रुप मीही एकदा चालवला होता, त्यामुळे तुमची आत्ताची तगमग मला चांगली कळते.

ग्रुप का मोडला ते आधी नीट बघा. लोकांना माल आवडला नाही म्हणून तो मोडलेला नाही. गावात शेतकऱ्यानं पहाटे चार वाजता मेथी उपटली, पेंड्या बांधल्या, गाडीत घातल्या. इकडं शहरात सकाळी नऊ वाजता घरांनी ठरवलं की आज मेथी नको, कालचीच भाजी शिल्लक आहे. मग ती मेथी कुणाच्या अंगावर पडली? ज्यानं उपटली त्याच्या. पेठेतही हेच होतं. आवक वाढली की दर पडतो, पट्टीत हमाली, तोलाई आणि गाडीभाडं वजा होऊन हातात काय येईल याचा नेम नसतो, कधी कधी भाडं खिशातून भरून माणूस घरी येतो. तुमच्या ग्रुपनं दलाल काढला, पण जोखीम होती तिथंच ठेवली. पिकवणाऱ्याच्या डोक्यावरची जोखीम थोडी तरी खाणाऱ्याच्या डोक्यावर येत नाही, तोवर तुमचं जाळं उभं राहणार नाही. माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा हा एवढाच आहे.

आता तुमच्या माहेरचं घर डोळ्यांसमोर आणा. टेंभू-ताकारीचं पाणी आल्यापासून रानात ऊस असेल. आडसाली उसाचे पैसे यायला दीड वर्ष लागतं. मग घर कशावर चालतं? दारातल्या दोन म्हशींवर. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घातलं की हातात चिठ्ठी पडते: लिटर किती, फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) किती, दर काय. दहा दिवस झाले की बिल. किराणा, पोरांची फी, दवाखाना, सगळं त्या दहा दिवसांच्या बिलावर चालतं. भिलवडीला भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ साली दुधाचा व्यवसाय सुरू केला, पुढं सहकारी संघ आले, खाजगी डेअऱ्या आल्या. दुधाच्या दरावरून गावात कायम कुरकुर असते, तरी दूध घालणं कुणी सोडत नाही. कारण घेणारा रोज ठरलेला असतो, माप डोळ्यांदेखत होतं, चिठ्ठी मिळते आणि बिलाची तारीख ठरलेली असते. आपल्या भागातला शेतकरी ज्या व्यवस्थेवर खरा विसंबतो ती ही. तुम्हाला माळव्याची आणि धान्याची अशीच व्यवस्था उभी करायची आहे. नवीन काही शोधून काढायची गरज नाही.

सुरुवात खाणाऱ्या घरांपासून करा. जवळजवळ सगळेजण उलटं करतात. आधी शेतकरी गोळा करतात, माल आणतात, मग गिऱ्हाईक शोधत फिरतात. माझीही पहिली दोन वर्षं त्यातच गेली. आता मी एक दोनशे पानी वही घेतो आणि घरोघरी जाऊन स्वयंपाकघरात बसतो. बैठकीच्या खोलीत बसून विचारलं तर लोक म्हणतात, "आम्हाला सगळं सेंद्रिय पाहिजे." स्वयंपाकघरात डबे समोर असतात, तिथं खरं कळतं. शाळू महिन्याला किती लागतो? घरात भाकरी रोज होते की फक्त रविवारी? गूळ चहाला लागतो की नुसता पोळ्यांना? तेल कोणतं? चटणी घरी कुटून आणता की पाकिटाची? पालेभाजी आठवड्यातून किती वेळा होते आणि कुठली मुलं खात नाहीत? एका घराला एक पान. शेवटी एकच प्रश्न विचारायचा: यातल्या कोणत्या तीन वस्तू तुम्ही वर्षभर आमच्याकडूनच घ्याल, असं आज सांगू शकता? जे "बघू" म्हणतात त्यांचं पान तसंच ठेवा, पण बेरजेत धरू नका.

तीस घरं झाली की बेरीज करा. माझ्या वहीतला अंदाज सांगतो. भाकरी खाणारं चार-पाच माणसांचं घर महिन्याला दहाएक किलो शाळू संपवतं. तीस घरांचे वर्षाला छत्तीस क्विंटल झाले. कोरडवाहू शाळूचा एकरी उतारा पाच-सहा क्विंटल धरला तर सहा-सात एकर पेरा लागतो. म्हणजे तुमच्या नऊतल्या चार-पाच जणांना शाळूसाठी पक्कं गिऱ्हाईक मिळालं. आता गूळ बघा. घराला महिन्याला दोन किलो धरला तर वर्षाला ७२० किलो. एक टन उसाला साधारण शंभर-एकशे दहा किलो गूळ पडतो, म्हणजे सातएक टन ऊस. एकरी चाळीस टन धरलं तर जेमतेम सात गुंठे! हळदीचं तर त्याहून कमी. घराला वर्षाला तीन किलो पूड म्हणजे तीस घरांना ९० किलो, ती दीड गुंठ्यात निघते.

हा हिशेब शेतकऱ्यांसमोर मांडताना जीभ जड होते, पण मांडलाच पाहिजे. दोन एकर हळद लावणाऱ्याला "तुझी हळद आपण शहरात विकू" असं सांगाल तर त्याची फसवणूक होईल. त्याची बहुतेक हळद मार्केट यार्डातल्या सौद्यालाच जाणार. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मान मोठा आहे, पण तीस घरं ती सगळी संपवू शकत नाहीत. तुम्ही त्याला इतकंच सांगा: तुझ्या दीड गुंठ्याला आपण चांगला आणि ठरलेला भाव देऊ, बाकीची तू नेहमीसारखी विक. खरं सांगितलं की शेतकरी रागावत नाही. तो रागावतो आशा लावून हात वर केले की. तुमच्या मेथीचं तेच झालं.

यातून दुसरी गोष्ट ठरते. पहिलं वर्ष सुक्या मालाचं ठेवा. शाळू, गूळ, हळद, तूरडाळ, शेंगदाणा तेल, चटणी, बेदाणा. ह्यात आज नाही गेलं तर उद्या जातं. माळवं दुपार झाली की मान टाकायला लागतं. शिवाय सुक्या मालाला पेरणीआधी नोंदणी करता येते. रब्बीच्या शाळूची पेरणी उत्तरा-हस्ताच्या पावसावर होते, म्हणजे तुमच्या हातात दीड महिना आहे. घरांकडून पेरणीआधी चौथाई रक्कम आगाऊ घ्या, काढणीनंतर बाकीची तीन हप्त्यांत. आमच्याकडं ही आगाऊ रक्कम शेतकऱ्याला बियाणं आणि मशागतीला मिळते. पाऊस गेला आणि उतारा निम्म्यावर आला तर प्रत्येक घराला निम्मा शाळू मिळतो आणि आगाऊ रक्कम परत मागायची नाही, हे आधीच लिहून घेतो. ह्या एका ओळीवर घरं दोन गटांत वाटली जातात. काही लगेच उठून जातात. जी राहतात ती खरी.

धान्य एकदम देऊ नका. कीड मारायच्या गोळ्या न ठेवलेल्या शाळूत तीन-चार महिन्यांत किडे होतात, आणि फ्लॅटमध्ये कणगी नसते की वाळवायला अंगण नसतं. तीन महिन्यांचा माल एका वेळी द्या, बाकीचा गावात कडुलिंबाचा पाला घालून कोरड्या खोलीत ठेवा. साठवणुकीचं शेतकऱ्याला वेगळं भाडं द्या. हे भाडं लोक विसरतात, आणि शेतकऱ्याची बायको वर्षभर पोती हलवत, ऊन दाखवत बसते त्याचे पैसे कुणाच्याच हिशेबात येत नाहीत.

दराबद्दल. पेठेच्या दराच्या मागं धावायचं नाही. वर्षातून एकदा, काढणी झाल्यावर, घरांतली पाच-सहा माणसं आणि शेतकरी एकत्र बसतात. शेतकरी खर्च वाचून दाखवतो: नांगरट, बी, भांगलण (खुरपणी), काढणी, मळणी. पहिल्या वर्षी आमच्या यादीत घरच्या बायकांची मजुरीच नव्हती. विचारलं तर उत्तर आलं, "घरचंच की माणूस." आम्ही गावातल्या रोजगाराच्या दरानं ती धरायला लावली आणि शाळूचा दर तिथंच वाढला. शहरातल्या एका आजींनी तिथं बसल्या बसल्या सांगितलं की ही मजुरी धरलीच पाहिजे, मी स्वतः भांगललंय. दर ठरला की वर्षभर तोच. पेठेत भाव चढला तरी शेतकऱ्यानं ठरलेला माल बाहेर घालायचा नाही, भाव पडला तरी घरानं कमी द्यायचं नाही. दोन्ही बाजूंनी एकेकदा कळ सोसावी लागते. त्यानंतर भांडण होत नाही.

गिऱ्हाइकानं दिलेल्या रुपयातले ऐंशी ते पंच्याऐंशी पैसे शेतकऱ्याला जातील असं बघा. उरलेल्यात गाडी, तूट आणि हिशेब लिहिणाऱ्याचा पगार. तूट म्हणजे काय ते घरांना समजावून सांगा. गावात पन्नास किलो मोजलेलं पोतं पाखडून, चाळून, सुकून शहरात पन्नास भरत नाही. गावात एक वजन आणि शहरात एक वजन, दोन्ही वहीत शेजारी शेजारी लिहा. फरक लपवायचा नाही. काटा मात्र पासिंग केलेलाच हवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनवाल्यांकडून दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते.

आणि तुम्ही स्वतः जे काम कराल त्याचे पैसे घ्या, ताई. फुकट केलेलं काम दुसऱ्या वर्षी अंगावर येतं. मी पहिली तीन वर्षं काही घेतलं नाही, आणि तिसऱ्या वर्षी घरात आजारपण आलं तेव्हा सगळं जाळं दोन महिने बंद पडलं. माझ्या जागी कुणाला बसवायचं तर पगाराची सोयच नव्हती.

आता भरवशाचं. तुम्ही विचारलंय की सेंद्रिय प्रमाणपत्र लागेल का. शेजारच्याला विकताना कागदापेक्षा डोळ्यांनी बघितलेलं जास्त चालतं, म्हणून आधी शिवारफेरी. गुळाचा एक प्रसंग सांगतो. शिराळ्याकडच्या एका गुऱ्हाळाचा गूळ आम्ही पहिल्यांदा दिला तेव्हा घरांनी परत पाठवला. "काळा आहे, जळलाय का? आमचा वाणी पिवळाधमक देतो." मी वाद घातला नाही. पौषात अकरा घरांतली माणसं टेम्पोत घालून गुऱ्हाळावर नेली. पहाटेचं धुकं, चुलवाणात चिपाडाचा जाळ, काहिलीत रस उकळत होता. गुळव्यानं भेंडीची झाडं ठेचून पाण्यात भिजवली होती, तो बुळबुळीत रस त्यानं काहिलीत ओतला. जरा वेळानं हिरवट काळी मळी फेसासारखी वर आली. मोठ्या झाऱ्यानं तो ती बाजूला काढत राहिला. मिरजेच्या एका बाईंनी विचारलं की पिवळा कसा होतो मग? त्यानं सांगितलं, हायड्रॉस पावडर टाकली की होतो, यार्डात रंगावर भाव ठरतो म्हणून टाकावी लागते. तेवढ्यात पाक तयार झाला. पाण्याच्या तांब्यात चार थेंब टाकून त्यानं बोटांनी गोळी वळली आणि ती तांब्यावर मारली, टण्ण असा आवाज आला. मग काहील वाफ्यात ओतली. गरम गुळाचा खडा प्रत्येकाच्या हातावर ठेवला. त्या दिवसापासून काळ्या गुळाबद्दल एकही तक्रार आली नाही. उलट गूळ पिवळसर आला की फोन येतो. हायड्रॉसमुळं गुळात सल्फर डायऑक्साइड उतरतो, तो ७० पीपीएमच्या (दहा लाख भागांत सत्तर भागांच्या) वर नको असा अन्नसुरक्षेचा नियम आहे, तो मी त्यांना नंतर वाचून दाखवला. पण लक्षात राहिली ती मळी.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवा. हा गूळ आषाढात पाझरतो. डबा घट्ट ठेवायचा आणि ओला चमचा घालायचा नाही. आम्ही हे सांगायचं विसरलो होतो, तेव्हा वीस किलो गूळ परत आला.

शिवारफेऱ्या सुरू झाल्या की मग पीजीएस-इंडियात गट नोंदवा. ही केंद्राच्या कृषी खात्याची सहभागी हमीची पद्धत आहे. किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो, शेतकरी एकमेकांची रानं तपासतात आणि एकमेकांची हमी घेतात. रूपांतराच्या काळात ग्रीन आणि पुढं ऑरगॅनिक असं प्रमाणपत्र मिळतं. तुमचे नऊजण ह्यात सहज बसतात. गावातल्या गावात एकमेकांचं रान तपासणं अवघड जातं, भावकी आडवी येते. म्हणून तपासणीला शहरातल्या घरांतलं एक माणूस बरोबर न्या. बांधावर औषधाची रिकामी बाटली दिसली तर तेच माणूस विचारू शकतं, शेजारचा विचारत नाही. आमच्यात एकानं वांग्यावर फवारा मारलेला सापडला. त्याला गटाबाहेर काढलं नाही. त्याचं वांगं त्या हंगामात घेतलं नाही, शाळू घेतला, आणि हे सगळ्या घरांना सांगितलं. आज तो गटात आहे आणि वांगी चांगली करतो. बी, खत, कीड ह्याबाबत अडलं तर कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, आणि गटाची नोंद आत्माकडं (शेतीखात्याची जिल्ह्यातली तंत्रज्ञान यंत्रणा) करून घ्या.

माळवं दुसऱ्या वर्षी सुरू करा आणि यादी देऊ नका, टोपली द्या. आठवड्याला एक दिवस, ठरलेले पैसे, रानात जे असेल ते: एक पालेभाजी, दोन फळभाज्या, लसूण-मिरची-कोथिंबीर, आणि हंगामात तांदळी, चिगळ, पाथरी अशा रानभाज्या. निवड शेतकऱ्याची. घरांना सुरुवातीला हे जड जातं. सलग तीन आठवडे दोडका गेला तर फोन येतातच. म्हणून टोपलीबरोबर एक चिठ्ठी घालतो: भाजी कुणाच्या रानातली, कधी तोडली आणि शेतकऱ्याच्या घरी ती कशी करतात. दोडक्याच्या शिरांची चटणी अशीच मिरजेतल्या पंधरा स्वयंपाकघरांत गेली. फळं-भाजीपाला २०१६ साली बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आहे, तेव्हा यार्डाबाहेर थेट विकायला अडचण नाही.

गाडीसाठी नवीन खर्च करू नका. गावातून पहाटे शहराकडं येणारी दुधाची गाडी असते, तिच्या मालकाशी बोला. पालेभाजी संध्याकाळी उन्हं उतरल्यावर काढायची, माती झटकायची पण धुवायची नाही, ओल्या पोत्यात उभी ठेवायची. सकाळी सात वाजता विश्रामबागला ताजी पोचते. क्रेट परत जातात की नाही त्याचा वहीत वेगळा रकाना ठेवा. पहिल्या वर्षी आमचे चाळीसपैकी तेवीस क्रेट बाल्कन्यांत कुंड्या ठेवायला गेले.

आता हिशेब. ह्यात माझ्या हातून मोठी चूक झाली आहे, ती सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. आम्ही घरांना महिन्याची उधारी देत होतो. शहरातल्या एका दुकानानंही आमची चटणी आणि हळद ठेवली होती, पैसे विकल्यावर द्यायचे म्हणून. त्यानं चार महिने लोंबकळत ठेवलं. घरांचेही थकले. मी शेतकऱ्यांना "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणत राहिलो. चटणी करणारी एक वहिनी जतहून एसटीनं आली आणि दारात उभी राहिली. काही बोलली नाही. पाणी दिलं, चहा दिला. मग म्हणाली, "भाऊ, मिरची उधारीवर आणलीया. त्यो मिरचीवाला दारात येतोय, म्हणून मी तुमच्या दारात आले." मी शेजारून उसने घेऊन तिचे पैसे दिले. त्या रात्री ठरवलं की आधी शेतकऱ्याचं बिल, मग बाकी सगळं.

तेव्हापासून दहा दिवसांचं बिल सुरू केलं, दुधासारखंच. १ ते १०, ११ ते २० आणि महिनाअखेर. हे जमवायला पैसा आधी हातात लागतो, म्हणून प्रत्येक घर एका महिन्याच्या मालाची अनामत भरतं. लोक अनामत देतील का असं तुम्हाला वाटेल. आपल्याकडं गल्लीगल्लीत भिशी चालते, तिथं सहसा कुणी पैसे बुडवत नाही, कारण सगळी तोंडओळखीची असतात. तसंच हे. महिन्याच्या पहिल्या रविवारी हिशेब मोठ्यानं वाचायचा: किती आले, कुणाला किती गेले, तूट किती, गाडीला किती. कुणीही वही मागून बघू शकतं. आणि पैसे ज्याच्या कामाचे त्याच्याच खात्यावर. सातबारा नवऱ्याच्या नावावर असला तरी डंकावर उभी राहून चटणी कुटून आणते ती बाई, तेव्हा चटणीचे पैसे तिच्या खात्यावर. म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली ती अशाच बायकांसाठी, ज्यांचं कुठं खातंच नव्हतं. तुमच्या गावात उमेदचे (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे) बचत गट असतील, त्यांना चटणी, सांडगे, शेवया, कुरडया ह्यांचं काम द्या.

कायद्याचं थोडक्यात. शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात पिकवलेलं धान्य आणि माळवं विकायला अन्नसुरक्षेचा परवाना लागत नाही. चटणी, तेल, हळद पूड, गूळ असा प्रक्रिया केलेला माल असेल तर नोंदणी करा. २०११च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला साधी नोंदणी पुरायची आणि फी वर्षाला शंभर रुपये होती. अर्ज भरताना चालू मर्यादा एकदा बघून घ्या. पाकिटावर नाव, पत्ता, वजन, तारीख, किंमत आणि नोंदणी क्रमांक हवा. छोटी गिरणी किंवा घाणा घ्यायचा असेल तर पीएमएफएमई ह्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं, ती अजून चालू आहे का ते बघा. पण अनुदान आहे म्हणून यंत्र घेऊ नका. एक लिटर शेंगदाणा तेलाला अडीच किलो दाणे लागतात. तीस घरांनी महिन्याला तीन-तीन लिटर घेतलं तरी महिन्याला सव्वादोन क्विंटल दाणे गाळायचे. तेवढ्याला स्वतःचा घाणा बसत नाही, गावातल्या घाण्यावर गाळून घ्या आणि पेंड शेतकऱ्याच्या म्हशीला जाऊ दे.

कंपनीबद्दल लोक सांगतात ते चुकीचं नाही, अवेळी आहे. २००२ साली कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची सोय झाली, तिला किमान दहा उत्पादक लागतात. तुमचे नऊच आहेत. दहावा मिळेल, पण त्यानंतर दरवर्षी ऑडिट, सभा आणि कागदपत्रं भरणं आलं, आणि सीएची फी आली. मी दोन कंपन्या बंद पडताना जवळून बघितल्यात. दोन्हीकडं बोर्ड होता, ऑफिस होतं, गोदामाचा प्रस्ताव होता, पण माल घेणारी ठरलेली शंभर घरं नव्हती. तुमची शंभर घरं झाली, शेतकरी वीस-पंचवीस झाले आणि दोन हंगामांचा हिशेब वहीत स्वच्छ उतरला की मग कंपनी काढा. तेव्हा बँकेत दाखवायला तुमच्याकडं ती वही असेल.

एवढी खटपट कशासाठी, असं तुमच्या घरचे विचारत असतील. मलाही विचारायचे. ऑगस्ट २०१९ला कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर गेली. आमची गावभागातली घरं पाण्यात होती. जतचे शेतकरी, ज्यांच्याकडं तेव्हा टँकर चालू होते, त्यांनी भाकरी आणि चटणीची गाठोडी पाठवली, प्रत्येक गाठोड्यावर घराचं नाव लिहिलेलं. त्यांना घरं नावानं माहीत होती. पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, द्राक्षं वेलीवर, व्यापारी फिरकेना. तेव्हा ह्याच घरांनी सोसायटीच्या फाटकावर तासगावची द्राक्षं उतरवून घेतली, आणि उरलेल्याचा बेदाणा झाला तो वर्षभर घेतला. चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा पडतो, दर कसा लावायचा ते त्यांनीच बसून ठरवलं. मी फक्त वही लिहीत होतो.

म्हणून त्या साठातल्या बावन्न घरांसाठी वाईट वाटून घेऊ नका. जी आठ घरं अजून ग्रुपमध्ये आहेत त्यांनी तीन महिने दोडका खाल्ला, कोमेजलेली मेथी घेतली आणि तरी थांबली. वहीतली पहिली आठ पानं त्यांची. येत्या रविवारी त्यांना गाडीत घालून कडेगावला न्या. माहेरी सोप्यात बसवा, नऊ शेतकऱ्यांना बोलवा आणि ज्याची मेथी पडून राहिली होती त्याचे पैसे त्या आठ घरांसमोर चुकते करा. मग शाळूचा विषय काढा. जमिनीला घात (पेरणीजोगी ओल) येण्याआधी बियाणाचा बंदोबस्त व्हायला हवा.